वयाबरोबर क्षमतेचीही नोंद घ्या : ज्येष्ठांच्या दैनंदिन कार्यक्षमतेच्या मूल्यमापनाबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
मिरा-भाईंदर महानगरपालिका,
स्व. इंदिरा गांधी भवन, भाईंदर (पश्चिम), जि. ठाणे.

विषय : शहरातील ६० वर्षे व त्यावरील नागरिकांच्या दैनंदिन कार्यक्षमतेचे दरवर्षी मूल्यमापन होऊन त्यानुसार सेवा व साहाय्य मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे मिरा रोड, भाईंदर, काशिमिरा व उत्तन परिसरातील ज्येष्ठ नागरिक आणि त्यांची घरी देखभाल करणारे कुटुंबीय आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

कोणत्याही योजनेचा अर्ज भरताना आमचे वय आधार कार्डावरून पाहिले जाते आणि उत्पन्न दाखल्यावरून. परंतु अर्जदाराला स्वतःची आंघोळ स्वतः करता येते का, रात्री एकट्याने संडासला जाता येते का, जिना उतरून औषध आणता येते का, याला अर्जात रकाना नसतो. त्यामुळे रोज सकाळी फिरायला जाणारे ७२ वर्षांचे गृहस्थ आणि कित्येक महिन्यांत इमारतीखाली न उतरलेल्या ७२ वर्षांच्या बाई शासनाच्या दप्तरी सारख्याच ठरतात. मदत कोणाला, कोणती आणि किती तातडीने हवी, हे कळायचे तर त्या माणसाला काय जमते आणि काय जमेनासे झाले आहे, हेच पाहावे लागेल.

आपल्या शहरात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. १९८५ साली नगरपालिका झाली त्या सुमारास आणि त्यानंतर इथे लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. त्या वेळी तिशी-पस्तिशीत घर घेतलेली माणसे आज सत्तरीत आहेत. गुडघे गेले, पण घर तिसऱ्या मजल्यावरच राहिले. उत्तन, पाली, चौक या किनाऱ्यावरच्या वस्त्या रेल्वे स्थानकापासून आणि मोठ्या रुग्णालयापासून लांब आहेत. तिथल्या वृद्धांना साधी तपासणी करायची तरी बस किंवा रिक्षा आणि सोबत एक माणूस लागतो. तरुण मुले पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात ती रात्री परततात. मधले दहा-बारा तास घरातला वृद्ध कसा वावरतो, हे त्यांनाही नेमके ठाऊक नसते.

देशाचे चित्रही हेच सांगते. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीत ६० वर्षांवरील साधारण दर चौघांपैकी एकाला आंघोळ, कपडे, चालणे यांसारख्या किमान एका मूलभूत कामात अडचण असल्याचे आढळले. स्वयंपाक, खरेदी, औषधे घेणे, पैशांचा व्यवहार अशा कामांत अडचण असणारे जवळपास निम्मे होते.

हे मोजण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. अमेरिकी वैद्य सिडनी काट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेली सूची सहा कामांची आहे : आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, उठणे-बसणे, लघवी-शौचावरील ताबा आणि जेवणे. आंघोळीची क्षमता बहुधा सर्वांत आधी जाते आणि स्वतःच्या हाताने जेवण्याची सर्वांत शेवटी. म्हणजे आंघोळ जड जाऊ लागली तेव्हाच लक्ष दिले, तर पुढचे परावलंबन लांबणीवर टाकता येते. लॉटन आणि ब्रॉडी यांच्या १९६९ च्या सूचीत फोन, खरेदी, स्वयंपाक, प्रवास, औषधे, पैसे यांसारखी आठ कामे आहेत. पडण्याचा धोका ओळखण्यासाठी खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचे, वळायचे आणि परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर काळजी घ्यायला हवी. एक खुर्ची, एक टेप आणि एक घड्याळ एवढ्यावर हे काम होते.

प्रश्न कसा विचारला जातो, यावर मात्र सगळे अवलंबून आहे. ‘आजी, आंघोळ स्वतः करता ना?’ असे विचारले की ‘हो, सगळं माझं मीच करते’ हेच उत्तर येते. मोरीपर्यंत गेले की दिसते, सून भरलेली बादली आत ठेवून जाते, आजी मोरीचा उंच कट्टा नळाला धरून ओलांडतात आणि आंघोळ आता दोन-तीन दिवसांनी होते. ‘स्वयंपाक जमतो का?’ याला आजोबा ‘नाही’ म्हणतात. त्यांनी आयुष्यात कधी चहाही केलेला नसतो, म्हणजे त्या ‘नाही’त क्षमता गेल्याचा काहीच पुरावा नसतो. परदेशी सूची आहे तशी वापरली की अशी गफलत होते. हे ओळखूनच हरियाणातील बल्लभगड येथे भारतीय ग्रामीण वृद्धांसाठी वेगळी सूची तयार झाली. सण लक्षात राहतात का, घरच्या लग्नकार्यात मत देतात का, वाट चुकतात का, असे प्रश्न तीत आहेत. आपल्या शहरासाठीही असाच विचार व्हावा. जिना चढणे, रिक्षा थांबवून बसणे, गॅसचा नॉब आठवणीने बंद करणे, मोबाइलवरून मुलाला फोन लावणे ही इथल्या रोजच्या जगण्याची कामे आहेत.

नवी यंत्रणा उभारा, असे आमचे म्हणणे नाही. आशा सेविका घरोघरी भरतात त्या सीबॅक (कम्युनिटी बेस्ड असेसमेंट चेकलिस्ट) फॉर्ममध्ये ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी चार प्रश्न आधीच आहेत. उभे राहताना वा चालताना तोल जातो का, शारीरिक अडचणीमुळे हालचालीवर मर्यादा आहे का, खाणे-कपडे-आंघोळ यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरतो का? यातल्या एखाद्या प्रश्नाला ‘हो’ आले की पुढे कोणी, किती दिवसांत, काय करायचे याची शहरासाठी पक्की कार्यपद्धती असावी, हा या निवेदनाचा गाभा आहे. त्यादृष्टीने आमच्या मागण्या अशा :

१. दरवर्षी मूल्यमापन : सर्व नागरी आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात ६० वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला सीबॅकमधील चार प्रश्न वर्षातून एकदा विचारले जावेत. एकालाही ‘हो’ आल्यास प्रशिक्षित परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्टने १५ दिवसांच्या आत सविस्तर मूल्यमापन करावे.

२. घरी जाऊन पाहणी : ८० वर्षांवरील, एकटे राहणारे, तसेच लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे ज्येष्ठ यांचे मूल्यमापन शिबिरात न करता घरीच व्हावे. शिबिरापर्यंत जो येऊ शकतो, त्याची निकड बहुधा कमी असते. पाहणीत संडास, मोरी, पलंगाची उंची आणि जिना प्रत्यक्ष पाहावा.

३. स्थानिक भाषेतील प्रश्नावली : प्रश्नावली मराठी, हिंदी व गुजरातीत असावी आणि उत्तनच्या वस्तीत तिथली बोली जाणणाऱ्या सेविकेने ती भरावी. ‘जमत नाही’ आणि ‘कधी केलेच नाही’ यांसाठी वेगळे रकाने ठेवावेत.

४. प्रत्येक घरी पत्रिका : मूल्यमापनानंतर कुटुंबाला एक पानी पत्रिका द्यावी. तीत गुणांबरोबर पुढची कृती, जबाबदार कर्मचाऱ्याचे पद आणि पुढील भेटीची तारीख लिहिलेली असावी.

५. साहाय्यक साधनांशी जोड : राज्य शासनाच्या फेब्रुवारी २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यातून कमोड खुर्ची घ्यावी, वॉकर घ्यावा की श्रवणयंत्र, हा सल्ला मूल्यमापन करणाऱ्याने द्यावा. चुकीच्या उंचीचा वॉकर आधार देण्याऐवजी पाडतो. योजनेत न बसणाऱ्या गरजूंसाठी महापालिकेने साधने तात्पुरती वापरायला देणारी पेढी सुरू करावी.

६. रुग्णालयातून घरी सोडताना तपासणी : खुब्याचे हाड मोडल्यावर किंवा पक्षाघातानंतर घरी सोडण्यापूर्वी रुग्णाची कार्यक्षमता तपासून नातेवाइकांना समजावून सांगावी. पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २० मध्ये शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र रांग आणि शक्यतो खाटा यांची तरतूद आहे. भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयाबाबत आपण राज्याच्या आरोग्य विभागाशी समन्वय साधावा.

७. देखभाल करणाऱ्यांना प्रशिक्षण : पलंगावरून उठवणे, कूस बदलून देणे, आंघोळ घालणे आणि पाठीला जखमा होऊ न देणे याचे शिक्षण प्रत्येक प्रभागात दर महिन्याला द्यावे. हे काम बहुतेक घरांत सुना, मुली आणि स्वतः साठी ओलांडलेल्या पत्नी करतात.

८. गैरवापरास मनाई : ही माहिती संमतीनेच घ्यावी आणि गोपनीय ठेवावी. पत्रिका म्हणजे मानसिक अक्षमतेचा दाखला नव्हे, असे तिच्यावर ठळक छापावे. पुनर्विकासाची संमती, बक्षीसपत्र किंवा वारसाच्या वादात ती कोणाला वापरता येऊ नये. तसेच कमी अडचण दिसली म्हणून कोणाचे चालू अनुदान थांबवू नये.

९. पथदर्शी प्रकल्प : पहिल्या टप्प्यात भाईंदर पूर्वेकडील जुन्या इमारतींचा एक प्रभाग, मिरा रोडमधील एक वसाहत आणि उत्तन-पाली-चौक पट्टा घ्यावा. सहा महिन्यांनी किती जणांचे मूल्यमापन झाले आणि त्यांपैकी किती जणांपर्यंत प्रत्यक्ष साहाय्य पोहोचले, हे दोन्ही आकडे प्रभागनिहाय जाहीर करावेत. पुढील अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे.

या मागण्यांतील पहिल्या चार बाबींना मनुष्यबळाच्या प्रशिक्षणापलीकडे फारसा खर्च नाही, त्या ताबडतोब हाती घेता येतील. कागदपत्रे भरणे, घरांची माहिती देणे, भेटींच्या वेळी सोबत येणे यासाठी आमच्यापैकी अनेक जण विनामोबदला वेळ द्यायला तयार आहेत.

तरी वैद्यकीय आरोग्य अधिकारी व समाज विकास अधिकारी यांच्या उपस्थितीत या विषयावर एक महिन्याच्या आत बैठक लावावी आणि प्रत्येक मागणीवरील निर्णय आम्हांस लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
मिरा-भाईंदर शहरातील ज्येष्ठ नागरिक व त्यांची देखभाल करणारे कुटुंबीय
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१. मा. जिल्हाधिकारी, ठाणे
२. मा. जिल्हा शल्यचिकित्सक, ठाणे
३. मा. सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण, ठाणे