राजा गेला, वर्गणीदार जागा आहे काय?

इंदुरात मराठी नाटक आणि मराठी माणसाचे गाणे आजवर कोणाच्या जिवावर जगले? उत्तर सोपे आहे. प्रथम राजाच्या, आणि राजा गेल्यावर वर्गणीदाराच्या. सरकार नावाची तिसरी शक्ती समारंभाच्या पहिल्या रांगेत पुष्कळदा दिसते. तालमीच्या खोलीचे भाडे भरण्याची वेळ आली की ती नेमकी कोठे असते, हे तालमी करणारांनाच विचारावे.

होळकरांच्या इंदुराने नाना पानशांचा पखवाज आणि बंदे अली खाँची बीन ऐकली. शाहमीर खाँ याच दरबारच्या आश्रयाला होते. त्यांचे चिरंजीव अमीर खाँ पुढे ख्यालगायकीला नवे वळण देऊन गेले. १९१७ साली आणि पुन्हा १९३५ साली या नगरीत मराठी साहित्य संमेलन भरले. १९२७ साली देवळालीकरांनी येथे चित्रशाळा उभी केली. बेंद्रे आणि हुसेन यांच्यासारखे चित्रकार तिच्यातून निघाले. २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच गावात एका नाटक कंपनीच्या मालकाच्या पोटी लता मंगेशकर जन्मल्या. ही नामावळी आम्ही मिरवण्यासाठी देत नाही. इतके पीक ज्या जमिनीत आले, तिला पाणी कोण घालीत होते, एवढेच वाचकांच्या ध्यानी यावे.

१९४८ साली होळकरांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात. दरबार गेला याचे आम्हांस दुःख नाही. एका माणसाच्या मर्जीवर कलावंताची चूल पेटावी, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. परंतु दरबार गेला आणि पाटाचे पाणीही तुटले, हे कोणी नाकारील काय? नव्या राज्याची भाषा हिंदी. तिच्याशी आमचे वैर नाही. ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते मराठी होते, आणि मराठी रंगभूमीवर त्यांनी आयुष्यभर जीव लावला. प्रश्न भाषांच्या भांडणाचा नाही. ज्या भाषेमागे राज्य नाही तिच्या कलेने उभे कशावर राहायचे, हा आहे.

या प्रश्नाला इंदूरकरांनी स्वतःच उत्तर दिले आहे. त्या उत्तराचे नाव ‘सानंद न्यास’. नफ्याचा एक पैसा खिशात न घालणारी ही संस्था काय करते? वर्षाची वर्गणी आगाऊ घेते आणि वर्षभर मराठी नाटके दाखविते. दिसायला गोष्ट साधी. पण तिच्यातील हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबईचे नाटक सुमारे सहाशे किलोमीटरवरून आणायचे म्हणजे नटसंच, नेपथ्य, प्रवास, मुक्काम असा सारा भार आला. एका प्रयोगाच्या तिकिटांवर तो कोणाला पेलेल? म्हणून सानंदने सभासदांचे पाच गट केले आणि त्यांस मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते, वसंत आणि बहार अशी नावे दिली. शनिवारी दोन, रविवारी तीन असे एकाच नाटकाचे पाच प्रयोग लागतात. प्रवासाचा खर्च एकदा, प्रेक्षक पाच वेळा! जे काम दरबारच्या खजिन्याने केले, ते येथे शेकडो सामान्य कुटुंबांनी आपल्या मिळकतीतून केले आहे. कारकून, मास्तर, निवृत्त इंजिनिअर आणि त्याची नात एका रांगेत बसतात आणि पडदा उघडतो.

काही शहाणे म्हणतात, हा पांढरपेशांचा शौक आहे. कलेत दम असेल तर ती बाजारात तरेल. या शहाण्यांना आमचा सवाल आहे: बाजाराने आजवर कोणत्या भाषेला तिच्या राज्याबाहेर तारले आहे? बाजार जेथे गर्दी तेथे जातो. भाषा मात्र गर्दी पांगल्यावरही टिकवावी लागते. इंदूरच्या मराठी घरातील तिसऱ्या पिढीचा मुलगा शाळेत मराठी शिकत नाही आणि मित्रांशी मराठी बोलत नाही. दोन घटका सलग, रसाळ, कसदार मराठी त्याच्या कानी पडण्याची जागा नाट्यगृहाखेरीज कोणती उरली आहे? ते नाट्यगृह ज्यांनी भरते ठेवले त्यांना शौकीन म्हणून हिणविणे हा कृतघ्नपणा आहे.

परंतु वर्गणीदाराची पाठ थोपटून आम्ही थांबणार नाही. त्याला दोन शब्द सुनवायचेही आहेत. पाहुण्या नटाला टाळ्या देणे म्हणजे कलेला आश्रय देणे नव्हे. तो आश्रयाचा अर्धा भाग झाला. बाबा डिके, बारपुते आणि त्यांचे सहकारी यांनी ‘नाट्यभारती’च्या झेंड्याखाली इंदुरात मराठी नाटक केले, तेव्हा ते मुंबईहून मागविलेले नव्हते. टाकाऊ वस्तूंतून सौंदर्य उभे करणारे विष्णू चिंचाळकर याच मातीत वावरले. आज गावातल्या मंडळींचा प्रयोग असला की आमचा रसिक काय करतो? ‘आपलीच पोरे’ म्हणून फुकट पास मागतो, उशिरा येतो आणि मध्यंतरानंतर घरी जातो! मुंबईच्या नटासाठी वर्षाची वर्गणी आगाऊ, आणि शेजारच्या नटासाठी एक तिकीटही जड? अशाने एके दिवशी प्रेक्षागृह भरलेले राहील आणि रंगमंचावर उभे राहायला इंदूरचे कोणीही नसेल. ज्या गावात केवळ प्रेक्षक उरतात, तेथे पुढे प्रेक्षकही उरत नाहीत.

आता दोन सरकारांविषयी. भोपाळने मराठीसाठी साहित्य अकादमी ठेवली आहे, याची आम्ही कृतज्ञतेने नोंद करतो. पण तालमीची जागा आणि माफक भाड्याचे सभागृह यांवाचून कलावंताचे भागत नाही. मुंबईच्या सरकारला तर आम्ही स्पष्टच विचारतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. तो दर्जा काय नकाशातल्या रेषेपाशी संपतो? इंदुरावर कोणी भूमीचा हक्क सांगत नाही. येथील मराठी माणूस कोणाकडे जिल्हा मागत नाही. महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्या नाटकाचा प्रवासखर्च आणि बाहेरच्या हौशी संघाला वर्षाकाठी एक ठरलेले साहाय्य, एवढेच मागणे आहे. बृहन्महाराष्ट्र हा शब्द भाषणात वापरायचा असेल, तर तो अंदाजपत्रकातही दिसला पाहिजे.

सरकारे जागी होतील तेव्हा होवोत. वर्गणीदाराने तोवर झोपण्याचे कारण नाही. आमची त्याला एकच सूचना आहे. प्रत्येक हंगामात निदान एक नाटक इंदूरच्या कलावंतांचे असावे, आणि ते पाचही गटांनी पूर्ण दाम मोजून, शेवटच्या पडद्यापर्यंत बसून पाहावे. बरे असेल तर वाहवा करावी. वाईट असेल तर तोंडावर सांगावे, पण पुढच्या हंगामात पुन्हा यावे. राजा हेच करीत असे. त्याच्या जागी आता आपण बसलो आहोत. तेव्हा खुर्चीचा मान घेणारांनी खुर्चीचे देणेही चुकविले पाहिजे!