घर झाले, वस्ती कधी होणार?

सोनपेठ (जि. परभणी) : ऑस्ट्रेलियाच्या उपनगरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचे घर आणि सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावाबाहेर विनापरवाना प्लॉटिंगमध्ये उभे राहणारे घर, यांतील फरक केवळ श्रीमंतीचा नाही, तो क्रमाचा आहे. तेथे आधी रस्ता, गटार व पाणी येते, नंतर घर. येथे आधी घर उभे राहते आणि रस्त्याची वाट पाहण्यात वर्षे सरतात.

ऑस्ट्रेलियात पाव एकराचा, म्हणजे दहा गुंठ्यांचा भूखंड हे एके काळी मध्यमवर्गीय घराचे परिमाण होते. आता भूखंड लहान झाले आणि घरांच्या किमती सामान्यांच्या आवाक्याबाहेर चालल्या आहेत. नियम मात्र बदललेला नाही. विकासकाने रस्ते व सांडपाण्याची कामे पूर्ण केल्याशिवाय अथवा त्यांची आर्थिक हमी दिल्याशिवाय भूखंडांच्या नकाशाची नोंदणी होत नाही. मालकीचाही प्रश्न तेथे फार पूर्वी सुटला. रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये झालेल्या कायद्याने सरकारी नोंदवहीतील नोंद हीच मालकी ठरली.

आपल्याकडे १९०८ च्या कायद्यानुसार नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. सातबारावरील नोंदही विरुद्ध पुरावा येईपर्यंतच ग्राह्य मानली जाते. त्यातच शेतजमीन अकृषिक न करता, ले-आऊट मंजूर न करून घेता गुंठा-गुंठा विकली जाते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मुद्रांकावरील करारनाम्याच्या भरवशावर आयुष्याची पुंजी त्यात ओतली जाते. अशा घरावर बँक सहसा कर्ज देत नाही. परभणी जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पक्का रस्ता नसेल, तर चिखलातून रुग्णाला बाहेर काढणेही कठीण होते.

शासनाने यावर वेळोवेळी उपाय केले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने जुनी बांधकामे नियमित करण्याची वाट खुली केली. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. २०२५ मध्ये तुकडेबंदी कायद्याविरुद्ध झालेले १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील व्यवहार, ठरावीक क्षेत्रांत, विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय झाला. सातबारावर नाव लागणे ही अनेक कुटुंबांसाठी मोठीच गोष्ट आहे.

परंतु व्यवहार नियमित झाला म्हणजे ले-आऊट मंजूर झाला, असे नव्हे. कागद शुद्ध होतो. गटार होत नाही. विकणारा पैसे घेऊन केव्हाच मोकळा झालेला असतो आणि रस्त्याचा भार तुटपुंज्या उत्पन्नाच्या नगर परिषदेवर पडतो. शिवाय दर काही वर्षांनी मुदत वाढते, या अनुभवामुळे पुढचे बेकायदा प्लॉटिंग निर्धास्तपणे सुरू राहते.

म्हणून नियमितीकरणाइतकेच दोन गोष्टींकडे लक्ष हवे. गुंठेवारीतून जमा होणारे विकास शुल्क त्याच वस्तीच्या रस्त्या-गटारांवर खर्च झाले पाहिजे, आणि नव्या ले-आऊटमध्ये या सोयी प्रत्यक्ष झाल्याखेरीज प्लॉटची विक्री होता कामा नये. क्रम बदलला नाही, तर आजचे नियमित घर उद्याही चिखलातच राहील.