डायलिसिसच्या खाटेवरचा व्यायाम

डायलिसिस म्हणजे बहुतेकांसाठी आठवड्यातून तीनदा, सुमारे चार-चार तास पडून राहणे. रक्त शुद्ध होते. पण या रुग्णांच्या मृत्यूचे मोठे कारण हृदयविकारच आहे. साठलेले पाणी आणि चढा रक्तदाब सोसताना हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते.

इंग्लंडमधील लेस्टरच्या ‘सायकल-एचडी’ चाचणीत १३० रुग्ण होते. त्यांतील एका गटाने सहा महिने डायलिसिस चालू असतानाच अर्धा अर्धा तास पायडल मारले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: व्यायाम न केलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या डाव्या कप्प्याचे वजन सुमारे ११ ग्रॅमने कमी भरले.

अर्थात, आधी डॉक्टरांचा होकार हवा. डायलिसिसच्या उत्तरार्धात रक्तदाब घसरू शकतो, म्हणून व्यायाम पहिल्या दोन तासांत करावा आणि सुया लावलेला हात स्थिर ठेवावा.

भारतात २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे डायलिसिसची सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचू लागली. आता तिथे पायडल आणि फिजिओथेरपिस्टही हवेत. रुग्णांनी आणि नातेवाइकांनी ही मागणी ठामपणे करावी, हाच या अंकाचा आग्रह आहे.

— संपादक