उद्याचे बळ आज गहाण ठेवावे काय?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे गाव आपल्या साताऱ्याएवढेही नाही. लोकसंख्या जेमतेम एक लाख सात हजार. एप्रिल 2025 मध्ये याच गावात तीन दिवसांत मिळून सुमारे सहा लाखांची उपस्थिती नोंदली गेली. विशेष म्हणजे त्या तीन दिवसांत तेथे एकही सामना नव्हता. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुण खेळाडूंपैकी कोण कोणत्या संघात जाणार, याची नावे पुकारली जात होती आणि ती ऐकण्यासाठी माणसे दूरदूरच्या राज्यांतून आली होती. या सोहळ्याला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात.

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याला परिचित असलेला, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन, फेकून आणि झेलून प्रतिपक्षाच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा हा अमेरिकन खेळ होय. तेथील व्यावसायिक संघांच्या संघटनेत, म्हणजे एन.एफ.एल.मध्ये, 32 संघ आहेत. ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत ज्या संघाची आदल्या हंगामातील कामगिरी सर्वांत वाईट, त्याला पहिला मान मिळतो. विजेत्याची पाळी सर्वांत शेवटी. आपल्याकडील क्रिकेटच्या लिलावात ज्याची बोली मोठी, त्याचा खेळाडू. येथे पैशाला नव्हे, तर पाळीला महत्त्व. भारतीयांना ही पद्धत अगदीच अपरिचित आहे असेही नाही. इंडियन सुपर लीगसाठी 2017 साली मुंबईत खेळाडूंची अशीच पाळीपाळीने निवड झाली होती.

भांडवलशाहीची पंढरी म्हणविणाऱ्या देशाने दुबळ्याला प्रथम हात देणारी ही रीत का स्वीकारली असेल? उत्तर व्यवहारातच आहे. 1935 साली फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी हा प्रस्ताव मांडला. श्रीमंत संघ उत्तम खेळाडू पळवीत आणि गरीब संघ हरत राहत. एकतर्फी सामने पाहायला प्रेक्षक येईनासे झाले, तर श्रीमंतांचाही धंदा बुडेल, हे बेल यांनी ओळखले होते. 1936 साली पहिला ड्राफ्ट झाला. त्यात सर्वप्रथम निवडला गेलेला जे बरवँगर हा खेळाडू पुढे एन.एफ.एल.मध्ये एकही सामना खेळला नाही, ही या परंपरेची गमतीदार सुरुवात!

ग्रीन बेसारख्या गावाचा संघ आजवर टिकला, त्यात या रीतीचा वाटा फार मोठा आहे. 1919 साली स्थापन झालेला ‘पॅकर्स’ हा संघ कोणा धनाढ्याच्या मालकीचा नाही. 1923 पासून तो लोकांच्या भागभांडवलावर उभा आहे. त्याचे भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत. या भागांवर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकता येत नाहीत आणि त्यांची किंमतही वाढत नाही. तरीही माणसे ते घेतात, चौकटीत बसवून घरात लावतात आणि मुलानातवंडांच्या हाती सोपवितात. दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय कराराचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते आणि ड्राफ्टमध्ये पाळी सर्वांना मिळते. या दोन खांबांवर हे लहानसे गाव न्यूयॉर्क आणि शिकागोच्या बरोबरीने उभे राहिले. इतकेच नव्हे, तर 13 अजिंक्यपदे मिळवून त्याने सर्वांना मागे टाकले.

म्हणूनच 28 ऑगस्ट 2025 रोजी या संघाने घेतलेल्या एका निर्णयाने त्याच्या चाहत्यांत दोन तट पडले. डॅलस संघाचा मायका पार्सन्स हा प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे डावाच्या सूत्रधारावर, तुटून पडणारा आजच्या काळातील अव्वल दर्जाचा खेळाडू. त्याला मिळविण्यासाठी पॅकर्सने आपला अनुभवी खेळाडू केनी क्लार्क दिला आणि त्यासोबत 2026 व 2027 अशा दोन्ही वर्षांची पहिल्या फेरीतील निवडही दिली. शिवाय पार्सन्सशी चार वर्षांसाठी 18 कोटी 80 लाख डॉलरचा करार केला. गावात दिवाळी साजरी झाली. पण 14 डिसेंबर 2025 रोजी डेन्व्हरच्या मैदानावर पार्सन्सच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. जानेवारी 2026 मध्ये पहिल्याच बाद सामन्यात शिकागोने मोठी पिछाडी भरून काढून पॅकर्सचे आव्हान संपुष्टात आणले.

दुखापत हा दैवाचा भाग आहे. तिच्यावरून निर्णयाचा न्याय करणे योग्य ठरणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. दोन वर्षांची पहिली फेरी हातची गेल्यावर या संघाने ड्राफ्टकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? या संघाचे सामने पिढ्यान्पिढ्या पाहत आलेल्या जुन्या चाहत्याचे याविषयी एक ठाम मत आहे आणि ते ऐकून घेण्यासारखे आहे.

त्याचे पहिले म्हणणे असे, की पहिली फेरी गेली म्हणून हात चोळत बसू नये आणि ती भरून काढण्यासाठी पुढचे आणखी काही विकूही नये. विशेषतः 2028 ची पहिली फेरी कोणत्याही मोहापायी गहाण पडता कामा नये. त्याच्या या आग्रहामागे इतिहासाचा चटका आहे. ऑक्टोबर 1974 मध्ये प्रशिक्षक डॅन डिव्हाइन यांनी जॉन हॅडल या 34 वर्षांच्या क्वार्टरबॅकसाठी लॉस एंजेलिसच्या संघाला पुढील दोन वर्षांतील पाच निवडी दिल्या. त्यांत पहिल्या फेरीच्या दोन आणि दुसऱ्या फेरीच्या दोन होत्या. तो हंगाम संपताच डिव्हाइन संघ सोडून गेले. हॅडलही 1975 च्या हंगामानंतर संघात राहिला नाही. मागे उरले ते रिकामे घर. त्यानंतर थेट 1982 च्या हंगामात हा संघ बाद फेरीत पोहोचला. निर्णय घेणारा निघून जातो, ऋण मात्र संस्थेला फेडावे लागते, हे ग्रीन बेच्या माणसाला तेव्हापासून पुरते उमगले आहे.

शेजारच्या मिनेसोटाने हाच धडा 1989 साली गिरवला. हर्शेल वॉकर या एका धावपटूसाठी त्यांनी डॅलसला अनेक खेळाडू आणि अनेक निवडी दिल्या. डॅलस त्या हंगामात 16 पैकी एकच सामना जिंकू शकला होता. पण त्या निवडींच्या आणि त्यांच्या देवघेवीच्या बळावर त्याने तरुण संघ बांधला आणि पुढे 1992, 1993 आणि 1995 च्या हंगामांत अजिंक्यपद मिळविले. वॉकर असताना मिनेसोटाला अंतिम सामनाही गाठता आला नाही. पार्सन्सच्या बदल्यात निवडी घेणारा संघही डॅलसच, हा योगायोग जुन्या चाहत्याच्या नजरेतून कसा सुटेल?

याला दुसरी बाजू आहे आणि ती मांडली नाही तर अन्याय होईल. 1992 साली रॉन वुल्फ यांनी पहिल्या फेरीची एक निवड देऊन अटलांटाकडून ब्रेट फार्व्ह या फारशा कोणाला माहीत नसलेल्या तरुणाला आणले. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली पॅकर्सने 1996 च्या हंगामाचे अजिंक्यपद जिंकले. म्हणजे निवड देऊन माणूस घेणे हे सरसकट पाप नव्हे. मात्र त्या वर्षी संघाकडे पहिल्या फेरीच्या दोन निवडी होत्या आणि वुल्फ यांनी त्यांतील एकच दिली. ताटातला एक घास देणे वेगळे आणि ताटच उचलून देणे वेगळे. पार्सन्स हा हॅडलसारखा उतरणीला लागलेला नाही, हेही खरे. करार झाला तेव्हा तो 26 वर्षांचा होता. म्हणूनच हा सौदा फसला असे आज कोणी म्हणू नये. तो सार्थ ठरविण्याची जबाबदारी मात्र आता उरलेल्या निवडींवर आली आहे.

येथे एन.एफ.एल.चे अर्थकारण ध्यानात घेतले पाहिजे. 1994 पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा आहे. 2011 पासून ड्राफ्टमधून येणाऱ्या नवोदितांचे वेतन त्यांच्या क्रमांकानुसार बांधून दिलेले असते आणि करार चार वर्षांचा असतो. याचा अर्थ असा, की एका खेळाडूवर कोट्यवधी डॉलर खर्च करणाऱ्या संघाला उरलेल्या जागा कमी वेतनातील तरुणांनीच भराव्या लागतात. ज्याने मोठा तारा विकत घेतला, त्यालाच गुणी नवोदितांची गरज सर्वाधिक असते आणि नेमक्या त्याच्याच हातून त्यांना निवडण्याची उत्तम संधी गेलेली असते. हा पेच केवळ पैशाने सुटणारा नाही. तो सुटेल पारखी नजरेने.

म्हणून चाहत्याचे दुसरे म्हणणे असे, की दुसऱ्या फेरीपासून पुढे संघाने नावाच्या झगमगाटामागे न जाता पुढच्या फळीतील धिप्पाड, कष्टाळू खेळाडू निवडावेत. क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या या खेळाडूंची नावे वृत्तपत्रांत क्वचितच झळकतात. परंतु ते ढासळले की सूत्रधार कितीही तल्लख असो, त्याला श्वास घ्यायलाही उसंत मिळत नाही. चेंडू झेलणाऱ्या देखण्या खेळाडूंचा मोह तूर्त आवरावा. 2025 साली आपल्याच गावात, 2002 नंतर प्रथमच, संघाने पहिल्या फेरीत असा खेळाडू निवडला. मॅथ्यू गोल्डन हे ते नाव. तो लाड एकदा पुरविला गेला आहे.

तिसरे म्हणणे संख्येविषयी आहे. शक्य असेल तेथे आपली पाळी मागच्या संघाला देऊन त्याबदल्यात एकाऐवजी दोन निवडी घ्याव्यात. निवड हे अखेर अनुमानच असते. 1989 साली याच संघाने सर्वांत पक्के मानले गेलेले टोनी मँडरिच यांना दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि पुढचाच बॅरी सँडर्स हा असामान्य खेळाडू डेट्रॉइटच्या पदरात पडला. मँडरिच काही वर्षांतच संघाबाहेर गेले. उलट 1956 साली सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर घेतलेल्या बार्ट स्टार यांनी प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांच्या हाताखाली पाच अजिंक्यपदे मिळवून दिली. जेथे पारख चुकू शकते, तेथे अधिक बिया पेरणे हेच शहाणपणाचे.

चौथे म्हणणे सर्वांत महत्त्वाचे आहे. निवडलेल्याला वेळ द्यावा. 2005 साली घेतलेला आरोन रॉजर्स तीन हंगाम फार्व्हच्या मागे बसून शिकला. 2020 साली जॉर्डन लव्हला निवडले तेव्हा चाहत्यांनी संताप व्यक्त केला होता. तोही तीन हंगाम थांबला आणि 2023 मध्ये संघाचा सूत्रधार झाला. ग्रीन बेचे वैभव विकत आणलेले नाही. ते मशागत करून पिकविलेले आहे.

तारा विकत घेता येतो, परंपरा विकत घेता येत नाही. कोणतीही संस्था दीर्घकाळ टिकते ती तिच्या दाराशी येणाऱ्या अनाम तरुणांना ओळखण्याच्या आणि धीराने घडविण्याच्या सामर्थ्यावर. पाच लाख भागधारकांपैकी एकालाही या संघाकडून पैशाची अपेक्षा नाही. त्यांची अपेक्षा एवढीच आहे, की आपल्या नातवंडांनाही हा संघ आजच्याइतकाच बलवान मिळावा. 2027 च्या ड्राफ्टसाठी वॉशिंग्टनची निवड झालेली आहे. तेथे पहिल्या फेरीत पॅकर्सची मूळ पाळी दुसऱ्याच संघाच्या नावावर पुकारली जाईल, तेव्हा ग्रीन बेमध्ये काही काळ शांतता असेल. कसोटी लागेल ती त्यानंतरच्या फेऱ्यांत. तेथे केलेल्या निवडीच सांगतील, की या गावाने आपले उद्याचे बळ गहाण टाकले, की थोडे उसने देऊन पुन्हा कष्टाने उभे केले.