दूरदर्शनचा दुरावलेला प्रेक्षक

दूरदर्शनचा प्रेक्षक खासगी वाहिन्यांच्या झगमगाटाने पळविला, हे सोयीचे निदान आहे. खासगी वाहिन्यांचा मागमूसही नव्हता, तेव्हाही सरकारी माध्यमांवरील विश्वास उडालेलाच होता. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीत रामलीला मैदानावर जगजीवनराम यांची सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनने त्याच वेळी ‘बॉबी’ दाखविला. मैदान तरीही तुडुंब भरले! ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येची वार्ता आकाशवाणीने दिली ती संध्याकाळी. तोवर बीबीसीवरून ती देशभर पोचली होती.

वर्गीज समितीने १९७८ मध्येच स्वायत्त विश्वस्त मंडळ सुचविले होते. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० मध्ये आणि अमलात आला १९९७ मध्ये. तरीही वेतनाचा पैसा सरकारी तिजोरीतूनच येतो. २०१७ च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे भाषण, त्यांनी फेरफार नाकारताच, प्रसारित झाले नाही. सत्तेवरचा पक्ष तेवढा बदलला होता.

१९५२ नंतर केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याला परत आणण्यासाठी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. गाण्यांबाबत जी चूक पाच वर्षांत उमगली, ती बातम्यांबाबत मान्य करण्यास कोणतेही सरकार अद्याप राजी झालेले नाही.