शिका, पण कमवू नका!

दिवाळी आली की अंबडमध्ये एकच विषय : बोनस! नाशिकच्या या औद्योगिक वसाहतीत आणि तिला लागून असलेल्या सिडकोच्या घराघरांत कोणत्या कंपनीने किती दिला, याची चर्चा चकलीबरोबर चघळली जाते. खुशाल चघळावी! वर्षभर पाळ्या करणाऱ्याच्या घामाचा तो पैसा आहे. पण त्याच घरांत एखादी पदवीधर मुलगी असते, एखादा मुलगा असतो, ज्याला शिक्षक व्हायचे आहे. त्याच्या हिशेबाची चौकशी कोणी करीत नाही. नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावायची आपली रीतच आहे. तेव्हा फराळापूर्वी वाचकांनी एवढा कडू थेंब गोड मानून घ्यावा.

बी.एड.चे नियम पाहा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने एक वर्षाचा हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. वर्षाला किमान २०० दिवस, आठवड्याला ३६ तास. वर्गात ८० टक्के हजेरी आणि शाळेतल्या प्रत्यक्ष अध्यापनाच्या काळात ९० टक्के. हा अध्यापनाचा काळ २० आठवड्यांचा, त्यांतले १६ दुसऱ्या वर्षी. आजारपण येवो की बापाचे काम सुटो, प्रवेश घेतल्यापासून ३ वर्षांत सारे आटोपले पाहिजे!

ही कडक शिस्त उगाच आली नाही. तिचे एक मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. येथल्या सुमारे तीनशे अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला आणि २०१२ साली त्याचा अहवाल आला. शिक्षक घडवण्याचा बाजार मांडला गेला होता. त्याला वेसण घालणे जरूरच होते. शिक्षक दोन महिन्यांत घडत नाही, हेही आम्हांला मान्य आहे. पण दुकान मांडले संस्थाचालकांनी आणि दंड भरतो कोण? तर विद्यार्थी! चोर सोडून संन्याशाला सुळी देणे यालाच म्हणतात.

आमचा प्रश्न साधा आहे. ही दोन वर्षे या मुलांनी खायचे काय?

अंबडच्याच कारखान्यात आय.टी.आय. झालेला मुलगा शिकाऊ म्हणून लागला, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला विद्यावेतन मिळते. लेथवर हात बसेपर्यंत पोट उपाशी राहू नये, एवढे शहाणपण त्या कायद्याला होते. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षी रुग्णालयात राबणाऱ्यालाही विद्यावेतन आहे. मग २० आठवडे शाळेत जाऊन मुले शिकवणाऱ्या पदवीधरानेच काय पाप केले आहे? त्याच्या नियमावलीत हजेरीची टक्केवारी आहे, पण भाकरीची तजवीज नाही. उलट शुल्क त्यानेच भरायचे! लोखंडाला आकार देणाऱ्याची किंमत आपल्याला कळते; माणसाला आकार देणाऱ्याची कळत नाही.

कोणी म्हणेल, नाशिकलाच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तेथे जा. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पण दूरशिक्षणाचा बी.एड. आधीच शिक्षक असलेल्यांसाठी आहे. तो नियमही वरूनच आलेला. म्हणजे शिक्षक होण्यासाठी आधी शिक्षक असावे लागते! गंगा दारात आली, पण कामगाराच्या घागरीला तिच्यात बुडायची मनाई!

मग होते काय? रात्रपाळी करून आलेला मुलगा दिवसा वर्गात डुलक्या घेतो, नाही तर हजेरीपटावर सही तेवढी हजर आणि सहीचा धनी कामावर, अशी तडजोड शोधतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. म्हणून मग हजेरीचे सोंग आणले जाते. आणि जो उद्या मुलांना ‘खरे बोलावे’ असे शिकवणार, त्याच्या व्यवसायाचा पहिला धडा खोट्या सहीचा होतो! ज्याला असे सोंग जमत नाही, तो मुकाट्याने नाव काढून घेतो. बहुधा तोच चांगला शिक्षक झाला असता.

हे सारे कोठे घडते? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्रात! १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. आम्ही त्यांचे पुतळे उभारले, आणि भावी शिक्षकाला मात्र सांगितले : शिका, पण कमवू नका!

नियम सैल करा, असे आम्ही म्हणत नाही. ९० टक्के हजेरी ठेवा. पण त्या २० आठवड्यांचे विद्यावेतन द्या. ३ वर्षांची मुदत नोकरी करणाऱ्याला ५ वर्षे करा. अभ्यास तेवढाच राहील, फक्त तो संथ होईल. पैसा कोठून आणावा, असे विचारू नका. जो समाज फटाक्यांसाठी पैसा काढतो, त्याने मास्तरासाठी खिशात हात घातला तर दिवाळे निघणार नाही. २०२५ साली परिषदेने नव्या नियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवला. नियम बदलण्याची भाषा निघालीच आहे, तर त्यात भाकरीचेही एक कलम असू द्या.

नाही तर उद्या वर्गात उभा राहील तो केवळ दोन वर्षे कमाईवाचून राहणे ज्याला परवडले तो. आणि अंबडच्या कामगाराच्या मुलाला शिकवणारा शिक्षक अंबडच्या कामगाराच्या घरातून कधीच येणार नाही!