हेडलाइट पिवळे पडलेत? बल्ब बदलण्याआधी हे वाचा

ऊस हंगामात देवणी-उदगीर रस्त्यावर रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडी अचानक समोर येऊ शकते. गाडीचे हेडलाइट पिवळे, धुरकट असतील तर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रकाश किती घटतो? अमेरिकेतल्या 'एएए' या वाहनचालक संघटनेच्या २०१८ च्या चाचणीत धुरकट हेडलाइट नव्याच्या जेमतेम २० टक्के प्रकाश देत होते. घासून-पॉलिश केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला.

आपण जिला 'काच' म्हणतो, ती काच नसतेच. ते असतं पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक. त्यावर अतिनील किरणं अडवणारा पातळ थर असतो. मराठवाड्याच्या उन्हात गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की तो झिजतो आणि प्लॅस्टिक पिवळं पडतं.

मग अनेक जण जास्त वॅटचा बल्ब किंवा पांढरा एलईडी बसवतात. हा उपाय उलटा पडतो. धुरकट प्लॅस्टिकमधून प्रकाश विखुरतो. रस्ता उजळत नाही, समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

आणि टूथपेस्ट? व्हिडिओत दिसणारी चमक खोटी नसते. पण टूथपेस्ट वरचा पिवळेपणा फक्त घासते, गेलेला थर परत देत नाही. त्यामुळे पिवळेपणा लवकरच परततो.

टिकाऊ कामात ८०० ते ३००० नंबरचे पॉलिश पेपर पाणी मारत क्रमाने वापरतात, मग पॉलिश आणि शेवटी अतिनील किरणं रोखणारा क्लिअर कोट. गॅरेजवाल्याला या कोटबद्दल आधीच विचारा. लाइटच्या आत पाणी किंवा तडे असतील तर घासण्यावर पैसे घालवू नका, लाइटच बदलावा लागेल.